रविवारचे डॉक्टर आणि सोमवारची रात्र

लातुरात राहणाऱ्या माणसाला गावाकडून ठरावीक फोन येतात. पोराला ट्यूशन कुठली लावायची, खोली कितीला मिळंल, आणि दवाखान्यात न्यायचंय, डॉक्टर कोणता चांगला? ट्यूशन आणि खोलीची उत्तरं मला तोंडपाठ आहेत. पोट, हाडं, डोळे इथपर्यंतही निभावतं. पण "हार्टचा चांगला माणूस सांगा" म्हटलं की माझी जीभ अडखळते. एका पाहुण्यानं तर एकदा सरळ सुनावलं, "लातूरला बसून काय करूलालाव मग? एक नाव सांगता येईना का?"

नाव सांगणं सोपं असतं. अवघड असतं ते नाव कशाच्या जोरावर सांगतोय हे स्वतःला पटवणं.

आमच्याकडं डॉक्टरचं नाव बहुतेक वेळा भाच्याकडून येतं. प्रत्येक घराण्यात एक भाचा मेडिकल लाईनीत असतोच. कुणी औषध कंपनीचा एमआर, कुणी औषधाच्या दुकानात, कुणी लॅबमध्ये. तो सांगतो ते नाव प्रमाण. भाचा नसला तर व्याही असतो. "आमच्या दाजीला त्यांनीच उठवलं, माणूस गेल्यात जमा होता." उठलेला माणूस स्वतः समोर चहा पीत बसलेला असतो, त्यामुळं वाद घालायची सोय नसते. पण मला नेहमी वाटतं, ज्याचा माणूस उठला नाही तो कुणाला नाव सांगायला येत नाही. तो गप्प बसतो, नाहीतर शिव्या देतो. दोन्हींवरून डॉक्टरच्या हाताचा अंदाज लागत नाही. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घेताना आपली माणसं दात बघतात, चालवून बघतात, खांद्यावर हात फिरवून बघतात, विकणाऱ्याच्या गावात चौकशी करतात. छातीत तार घालून घेताना मात्र भाच्याचा एक फोन पुरतो.

पाटीपासूनच सुरुवात करायची तर एवढं माहीत असावं. 'हृदयरोगतज्ज्ञ' असं पाटीवर लिहिणारे सगळे तार घालणारे नसतात. एमबीबीएस, मग एमडी मेडिसिन, मग आणखी तीन वर्षं डीएम कार्डिओलॉजी किंवा डीआरएनबी, ज्याला पूर्वी डीएनबीच म्हणायचे. अँजिओग्राफी म्हणजे हृदयाच्या शिरेपर्यंत तार घालून, रंगाचं औषध सोडून अडथळा बघणं, आणि अँजिओप्लास्टी म्हणजे तिथं फुगा फुगवून, बहुतेक वेळा स्टेंट नावाची जाळी बसवून शीर उघडणं. हे करणारा माणूस या वाटेनं आलेला असतो, आणि पुढं काही जण त्याच कामाची फेलोशिप करतात. एमडी झालेला चांगला फिजिशियन ईसीजी उत्तम वाचतो, बीपी-शुगर सांभाळतो, आणि खरं सांगायचं तर तालुक्याच्या गावात जीव वाचवतो तो बहुतेक वेळा तोच. पण प्लास्टी त्याचं काम नाही. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं तो पडताळता येतो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते करताना मी आजवर कुणालाच पाहिलेलं नाही.

आता एक गोष्ट आधीच वेगळी काढून ठेवली पाहिजे, कारण तिच्यात निवडीला जागाच नसते. छातीत भरून आलं, घाम सुटला, डावा हात किंवा जबडा ओढायला लागला, ईसीजीत अटॅक दिसला, की डॉक्टर निवडायचा नसतो. गाठायचा असतो. रक्ताची गाठ अडकून शीर बंद पडलेली असते आणि पुढचे स्नायू मरत असतात. कॅथलॅब, म्हणजे तार घालायची खोली, असलेल्या दवाखान्यात पोचल्यापासून फुगा फुगेपर्यंत ९० मिनिटांपेक्षा जास्त जाऊ नयेत, असा जगभराचा दंडक आहे. आणि दोन तासांच्या आत अशा ठिकाणी प्लास्टी होण्यासारखी नसेल, तर जिथं आहोत तिथंच गाठ विरघळवणारं इंजेक्शन घ्यायचं, स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज, आणि मग पुढं निघायचं. इंजेक्शननंतर साधारण ३ ते २४ तासांत अँजिओग्राफी होते. म्हणजे मोठ्या शहरात जायचंच असेल तर इंजेक्शन घेऊन जाता येतं. कुणाला ते चालत नाही, हे तिथला डॉक्टर विचारून ठरवतो. अलीकडं मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, मोठं ऑपरेशन झालेलं असेल, तर नाही.

आमच्याकडं होतं काय? रात्री दुखतं. आधी ओवा, मग सोडा, मग गॅसची गोळी. पहाटे बोलेरो निघते. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडला, लातूरला, संभाजीनगरला सरकारी महाविद्यालयं आहेत. संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, म्हणजे घाटीत, आणि लातुरात केंद्राच्या योजनेतून सुपर स्पेशालिटीच्या इमारतीही उभ्या राहिल्या. पण बोलेरोत बसलेल्या चौघांतला एक म्हणतो, "इथं नको, डायरेक्ट पुण्याला." दुसरा म्हणतो हैदराबाद. उस्मानाबादकडचे म्हणतात सोलापूर. (धाराशिव म्हणायचं आता, पण बोलेरोत अजून जुनंच नाव चालतं.) मोठ्या नावाच्या ओढीनं दोन-तीन चालते दवाखाने मागं टाकून गाडी पुढं जाते. १०८ ला फोन केला तर जवळच्या दवाखान्यात नेतात, म्हणून फोन न करणारे लोकही मला माहीत आहेत.

त्या रात्रीच्या डॉक्टरबद्दल एकच चौकशी उपयोगाची, आणि ती दुखायच्या आधी, भर दुपारी, ठणठणीत असताना करायची: आपल्या घरापासून सगळ्यात जवळ रात्री चालू असलेली कॅथलॅब कुठं आहे आणि तिथला डॉक्टर गावातच मुक्कामाला असतो का?

मुक्कामाचं एवढं का सांगतो, तर आमच्या बसस्टँडवरच्या फलकांमुळं. 'सुप्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञ दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या रविवारी उपलब्ध.' खाली मोठ्या शहराचं नाव, सूट घातलेला फोटो, आणि 'मोफत ईसीजी'. मोठ्या शहरातला माणूस आपल्याकडं येतोय याचं आम्हाला केवढं अप्रूप! आणि हे डॉक्टर बरेचदा हाताचे तयार असतात, यात शंका नाही. लहान शहराला त्यांची गरजही आहे. रविवारी सकाळी ओपीडी, दुपारी दोन-चार अँजिओ, जमल्यास प्लास्टी, रात्रीच्या गाडीनं परत.

पण प्लास्टी झाली की काम संपत नाही. स्टेंटमध्ये पहिल्या काही तासांत, पहिल्या महिन्यात गाठ धरू शकते. क्वचित धरते, पण धरली की मोठा अटॅक येतो. जांघेतून तार घातली असेल तर आतल्या आत रक्त साचू शकतं. रंगाच्या औषधानं किडनी रुसू शकते, विशेषतः शुगरवाल्याची. हे सगळं सोमवारी घडतं, मंगळवारी घडतं. एका दवाखान्यात मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं होतं, "सोमवारी रात्री दोन वाजता दुखायला लागलं तर कोण येईल?" ती म्हणाली, "ड्युटीवरचे डॉक्टर, आरएमओ, असतात ना सर." मी विचारलं, "ते तार घालतात का?" तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी बिलावर भांडायला आलोय.

हे सगळं मी शिकलो ते माझ्या चुलत्यांमुळं. काका अहमदपूर तालुक्यातले, साठी ओलांडलेले, शुगर जुनी. सोयाबीन काढणीच्या सुमारास त्यांना चाललं की छातीत भरून यायला लागलं. थांबलं की दोन मिनिटांत मोकळं. काकी म्हणायच्या, दाखवा. काका म्हणायचे, "गॅस हाय नुसता. थांबलं की जातंय की." थांबल्यावर जातंय हीच तर खूण असते, पण ते त्यांना कोण सांगणार. शेवटी मुलानं, म्हणजे आबानं, दमदाटी करून लातूरला आणलं. ईसीजी बरा होता, इको बरा होता, फिरत्या पट्ट्यावर चालवलं तर चौथ्या मिनिटाला मशीन थांबवावं लागलं. अँजिओग्राफी ठरली.

कॅथलॅबच्या शेजारी एक चिंचोळी खोली असते. तिथं नातेवाईकाला बोलावतात. काचेपलीकडं काका हिरव्या कापडाखाली, फक्त डोकं आणि एक मनगट दिसत होतं. पडद्यावर रंगाचं औषध सोडलं की शीर काळी होऊन उमटायची आणि दोन-तीन ठोक्यांत विरून जायची. एका जागी ती दोऱ्याएवढी बारीक होत होती, ते मला अडाण्यालाही दिसलं. डॉक्टर मास्कमधूनच म्हणाले, "समोरच्या शिरेत ९० टक्के, उजवीकडं ७०. दोन स्टेंट. टेबलवरच आहेत, आत्ताच करून घेऊ, पुन्हा तार नको." तंत्रज्ञानं संमतीचा कागद पुढं केला, पेनचं टोपण काढून. आबाचे हात थरथरत होते. तो सही करणारच होता.

मी एवढंच विचारलं, "डॉक्टरसाहेब, आज रात्रीत जिवाला धोका आहे का?"

ते थोडं थांबले. मग म्हणाले, "आज-उद्या असं नाही."

"मग आज फक्त अँजिओच राहू द्या. घरी विचार करतो."

त्यांना ते आवडलं नाही, पण त्यांनी अडवलंही नाही. संध्याकाळी मनगटावरचा पट्टा सैल करत करत काढला, रात्री फाईल आणि सीडी हातात दिली. मी त्यांना लबाड म्हणणार नाही. ९० टक्क्यांच्या जागी स्टेंट लागतो असं पुढं दुसऱ्यांनीही सांगितलं. अटॅकमध्ये टेबलवर ताबडतोब करणं हेच बरोबर असतं, आणि ज्या हाताला दिवसरात्र ते करायची सवय आहे, त्याला शांत रुग्णातही घाई होत असावी. माझी तक्रार त्या पेनाबद्दल आहे. भीतीनं पाय लटपटत असलेल्या माणसाच्या हातात टोपण काढलेलं पेन देणं ही संमती घ्यायची रीत नव्हे.

चालताना दुखणं आणि थांबल्यावर जाणं, या प्रकारात वेळ असतो, हे मी तोवर वाचलं होतं. ३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांवर झालेला इस्किमिया नावाचा मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात भारतातलेही रुग्ण होते. अर्ध्यांना औषधांच्या जोडीला लगेच अँजिओ करून स्टेंट किंवा बायपास, अर्ध्यांना आधी नीट औषधं. काही वर्षांनी बघितलं तर मृत्यू आणि अटॅक यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. दुखणं मात्र स्टेंट-बायपासवाल्यांचं जास्त कमी झालं. डाव्या मुख्य शिरेत मोठा अडथळा असलेले किंवा ताजा अटॅक आलेले यात नव्हते, त्यामुळं हा अभ्यास दाखवून कुणी रात्रीच्या अटॅकवाल्याला घरी बसवू नये. पण काकांसारख्याला चार दिवस थांबून दुसऱ्या डॉक्टरला विचारायची मुभा त्यानं नक्की दिली होती.

दुसरं मत म्हटल्यावर भावकी पुणे म्हणाली, हैदराबाद म्हणाली. एकानं तर देवगिरी एक्स्प्रेसची वेळही सांगितली. आम्ही गेलो लातुरातच, दोन चौक पलीकडं. फिरतीवर न जाणारे, इथंच राहणारे, पोरं इथल्याच शाळेत असलेले डॉक्टर. त्यांनी सीडी लावली, एकदा बघितली, मग बंद करून काकांकडं वळले. "किती चाललं की दुखतं? जेवून चाललं तर? चढावर?" काका खुलले. विहिरीपासून गोठ्यापर्यंतचा सगळा रस्ता त्यांनी सांगितला, कुठं थांबावं लागतं त्या लिंबाच्या झाडासकट. डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "गोळ्या किती दिवस झाल्या?" गोळ्या नीट सुरूच झालेल्या नव्हत्या.

"आधी पंधरा दिवस गोळ्या घ्या," ते म्हणाले. "त्यातूनही दुखलं तर समोरच्या शिरेला स्टेंट टाकू. उजवीकडचा अडथळा डोळ्यांनी ७० दिसतोय, पण डोळा फसवतो. तिथं प्रेशर वायर घालून मोजू. आणि तो खरंच मोठा निघाला तर शुगर बघता सर्जनशी बोलूनच पुढचं ठरवू. बायपास बरा पडतो कधी कधी."

प्लास्टी करून पोट भरणारा माणूस बायपासचं नाव स्वतःहून काढतो, हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. खरं तर यात नवल वाटायला नको. शुगर आणि एकाहून जास्त शिरा खराब, अशा रुग्णांत बायपासनंतर मृत्यू आणि अटॅक कमी होतात हे २०१२ च्या फ्रीडम नावाच्या अभ्यासात दिसलेलं आहे. पण काउंटरवरून बघणाऱ्याला ते ऐकायला मिळत नाही. माझी निवड त्या वाक्यावर झाली. मग मी वर्षाला किती प्लास्टी करता, हेही विचारून घेतलं. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१३ साली एका डॉक्टरनं वर्षाला किमान ५० तरी कराव्यात, असं म्हटलं होतं. यांचा आकडा त्याच्या कितीतरी पुढं होता. ते न रागावता सांगते झाले. रागावले असते तर मी परत विचार केला असता.

गोळ्यांनी काकांचं दुखणं कमी झालं पण गेलं नाही. लिंबापर्यंत न थांबता पोचायचे, पुढं गोठ्याच्या चढाला बसायचेच. मग तारीख ठरली.

आत काम चालू असताना बाहेर बसून मी मोबाईलवर या विद्येचा जन्म वाचत होतो. झुरिचमधला आंद्रियास ग्रुंट्झिग नावाचा डॉक्टर, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर फुगे बनवायचा. १६ सप्टेंबर १९७७ ला त्यानं जागत्या माणसाच्या हृदयाच्या शिरेत पहिला फुगा फुगवला. रुग्ण ३८ वर्षांचा. पुढं ग्रुंट्झिगनं जगभरच्या डॉक्टरांना बोलावून त्यांच्यासमोर थेट शस्त्रक्रिया करून दाखवायची रीत पाडली. म्हणजे हुकलं तरी सगळ्यांसमोर हुकणार. १९८५ साली तो विमान अपघातात गेला. पहिल्या फुग्याला दहा वर्षं झाल्यावर त्या रुग्णाची शीर तपासली तेव्हा ती उघडी होती. स्टेंट १९८६ साली आले, त्याच्या माघारी.

काकांच्या उजव्या शिरेचं माप, म्हणजे अडथळ्याच्या पुढचा दाब अलीकडच्या दाबाच्या किती पट राहतो ते, ०.८७ आलं. ०.८० च्या वर असेल तर सहसा स्टेंटचा फायदा नसतो. ती सोडून दिली. समोरच्या शिरेत एक स्टेंट. पुन्हा मनगटातूनच.

पैशाचं एक सांगतो, कारण तिथं लोक विचारायलाच लाजतात. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं स्टेंटच्या किमतीला लगाम घातला. औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये, साध्याला ७,२६०. त्याआधी एकेका स्टेंटचे लाख-दीड लाख घेतले जायचे. आकडे नंतर थोडे बदलत गेले, पण मर्यादा राहिली. बिलात स्टेंटची किंमत वेगळी आणि कंपनीच्या नावानिशी दाखवावी लागते, आणि त्याच्या डबीवरचं स्टिकर फाईलमध्ये चिकटवलेलं असतं. ते स्टिकर बघावं. आबानं मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवलाय. कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यायला हवीत असा नियम आहे, आणि सीडी त्यात येते. ती द्यायला कुरकुर करणाऱ्या दवाखान्याबद्दल मला पुढचं काही विचारावंसं वाटत नाही.

ज्यांना योजनेतून करायचंय त्यांची निवड वेगळ्या दाराशी सुरू होते. महात्मा फुले जन आरोग्य योजना आधी राजीव गांधी जीवनदायी होती. २ जुलै २०१२ ला ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं नांदेड होतं. आता संरक्षण पाच लाखांपर्यंत नेलंय. दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून एक टेबल असतं, तिथं रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी बसायचं. अँजिओचा अहवाल वर जातो, मंजुरी येते, मग प्लास्टी. या मंजुरीत एक-दोन दिवस जातात म्हणून लोक वैतागतात. थांबण्यासारख्या रुग्णाला ते दोन दिवस विचार करायला फुकट मिळाले, असं मी तरी समजेन. योजनेच्या यादीतले डॉक्टर कमी दर्जाचे, हा समज मला कधीच पटलेला नाही. तेच डॉक्टर, तीच कॅथलॅब, फक्त वॉर्ड वेगळा. काकांचे डॉक्टर यादीत नव्हते, त्यामुळं सोयाबीनचे पैसे आणि माझी एक ठेव मोडून आम्ही भागवलं. जमत नसतं तर यादीतलाच पण लातुरात राहणारा शोधला असता.

आता दोन गोळ्या, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, किमान सहा महिने एकही दिवस चुकवायची नाही. काकांना हे पटवणं तारेपेक्षा अवघड गेलं. "दुखना गेलं तर गोळी कशाला?" तिसऱ्या महिन्यात त्यांची दाढ सुजली. अंबाजोगाईच्या दंतवैद्यांनी चिठ्ठी बघितली आणि म्हणाले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आहेत, पाच दिवस बंद करा मग काढू. गावाकडं अशा वेळी गोळ्या बंद होतात आणि नंतर सुरू करायच्याच राहून जातात. आबानं तिथूनच आमच्या डॉक्टरांना फोन लावला. वार मंगळवार, ओपीडीची वेळ. त्यांनी उचलला. दंतवैद्यांना फोन द्या म्हणाले, आणि दोघं पाच मिनिटं आपसात बोलले. गोळी एकही बंद करायची नाही, दाढ काढा, टाका घाला, दाबून धरा.

दाढ त्याच दुपारी निघाली. रक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ चाललं, काका तासभर कापूस चावून बाकड्यावर बसले आणि खुणेनं शिव्या देत राहिले. संध्याकाळी पुन्हा फोन आला, यावेळी डॉक्टरांचाच: थांबलं का?